पाव टाकी

थोरली डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणी पडली होती आणि तिचे पाय दाराबाहेर लोंबत होते. दोन सीटची, उघड्या टपाची, बुटकी जुनी इंग्रजी गाडी. तिच्यात धड बसायचं तरी अंग चोरावं लागतं, निजायचं कुठून? धाकटी जाऊ दुसऱ्या सीटवर टॉर्च धरून बसली होती.

"जाऊबाई, पाय आत घ्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटेल, गाडीनं बाई गिळली."

"वाटू दे. तू उजेड माझ्या डोळ्यात पाडू नकोस, तारांवर पाड."

दुपारी थोरलीचा मुलगा यायचा होता, गाडीची किल्ली कायमची न्यायला. महिन्यात दोनदा गाडी भर रस्त्यात थांबली, टाकी कोरडी ठणठणीत. दोन्ही वेळा थोरलीचं एकच म्हणणं, काटा पाव टाकी दाखवत होता. काल मुलानं गाडी ढकलत घरी आणली आणि शेडमध्ये किल्ली फिरवून पाहिली. काटा पार तळाला. "आई, हा तर शून्यावर आहे," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू बोलला, आजाऱ्याच्या उशाशी बोलतात तसा.

"खरं सांग," थोरली आतून म्हणाली, "माझं डोकं फिरलंय का?"

"ते मी या घरात आले तेव्हापासून फिरलेलंच आहे. नवीन काय झालंय ते सांगा."

थोरली हसली नाही. धाकटीनं टॉर्च खाली केला. मीटरांच्या काचांकडे बघत बसली.

"पेट्रोलचा काटा पावावर होता, तेव्हा शेजारचा कुठे होता? गरमीचा?"

"लालात. म्हणून तर बॉनेट उघडून रस्त्याकडेला उभी राहिले. पण पाणी उकळत नव्हतं गं. वाफेचा धागासुद्धा नाही."

"हे त्याला सांगितलं?"

"सांगितलं. त्यानं बायकोकडे पाहिलं."

धाकटीनं टॉर्च एका मीटरवरून दुसऱ्यावर नेला. "म्हणजे दोन्ही काटे एकाच वेळी थापा मारत होते. घरात दोन पोरं एकदम एकच थाप मारायला लागली की मी पोरांना नाही धरत. पढवणारं कोण, ते बघते."

खालची खुडबुड थांबली. मग थोरलीचं बोट एका मीटरमागच्या फिकट हिरव्या तारेवरून सरकत निघालं. दुसऱ्या मीटरलाही तशीच तार. दोन्ही जाऊन मिळाल्या एका पत्र्याच्या डबीला, काडेपेटीएवढ्या.

"ही," थोरली म्हणाली. "दोघांना करंट मोजून देते ती ही. हिचं अंग गाडीच्या पत्र्याला टेकलेलं लागतं. सुटलं की मोजमाप संपलं, सगळा करंट सुसाट, आणि दोन्ही काटे वर."

"मग टेकलीय की नाही?"

"स्क्रूनं आवळलेली दिसतेय. तू किल्ली फिरव."

काटा तळालाच राहिला.

"आता बसल्या जागी उड्या मार. रस्ता खराब आहे असं समज."

"या वयात?"

"तुझं वय कोण विचारतंय? मार."

धाकटीनं उड्या मारल्या. स्प्रिंगा कुरकुरल्या. या गाडीचे काटे आळशी, झटकन उठायचे नाहीत. पण पेट्रोलचा उठला. सावकाश, कोणाची भीड न धरता, पावाच्या खुणेजवळ जाऊन बसला. शेजारचाही जागचा हलला.

थोरलीनं एका सुट्या तारेचं एक टोक डबीला लावलं, दुसरं दाराच्या बिजागरीला. काटा उतरला. तार काढली, काटा चढला.

"पुन्हा करा," धाकटी म्हणाली. पुन्हा केलं. मग धाकटीला स्वतःच्या हातानं करून बघायचं होतं.

थोरलीनं स्क्रू सैल केला. डबीखाली रंग होता. जाड, चकचकीत. स्क्रूच्या भोकातही गेलेला. कुठेतरी केसाएवढा पत्रा लागत असेल, गाडी हलली की तेवढाही सुटायचा.

"हा रंग तर…" धाकटी म्हणाली.

"माहीत आहे."

उन्हाळ्यात आठ दिवस रजा काढून मुलानं आतला सगळा गंज खरवडला होता आणि वर रंगाचे दोन हात दिले होते. आईची गाडी सडू नये म्हणून.

"येऊ दे त्याला. असा सोलते."

"एक शब्द बोलायचा नाही," थोरली म्हणाली, आणि स्क्रू होता तसा परत आवळला.

मुलगा आला तो घड्याळ बघतच. थोरलीनं त्याला स्टिअरिंगमागे बसवलं, किल्ली फिरवायला लावली. शेजारी धाकटी काकू गंभीर चेहऱ्यानं उड्या मारू लागली. त्यानं आईकडे पाहिलं, मग काकूकडे. दोघींचंही गेलं की काय, अशा नजरेनं.

"माझ्याकडे काय बघतोस? टाकीत किती आहे ते वाच."

"पाव टाकी," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. काल ही गाडी त्यानंच ढकलत आणली होती.

धाकटीनं टॉर्च डबीवर धरला. तो वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर आला तेव्हा नखात रंग होता आणि कान लाल झाले होते.

"आई, हा रंग मी…"

"चांगला दिलायस," थोरली म्हणाली. "कुठे ठिपका सुटलेला नाही."

तो उतरला. किल्ली गाडीतच राहिली. भिंतीशी ठेवलेला पेट्रोलचा रिकामा डबा त्यानं उचलला आणि पंपाच्या दिशेनं पायी निघाला.