मधली खाच

रूथने ओव्हनचं दार उघडलं, तर आत कढया आणि झाकणं रचून ठेवलेली. हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे चार वर्षं, आईने केक केलाच नव्हता.

"राहू दे गं. आता कोण भाजतंय?" आई खुर्चीतून म्हणाली.

रूथने भांडी बाहेर काढली, जाळ्या सोड्याच्या गरम पाण्यात भिजत घातल्या. आतला चिकटा ती खरवडायला लागली, तशी आई ओरडली, "तारेची घासणी नको! ओल्या फडक्याने पूस. आणि रॉडला पाणी लावू नकोस."

पूर्वी नाताळच्या आठवड्यात गल्लीतल्या बायका केकचं मिश्रण भरलेले डबे भाजायला घेऊन दारात रांग लावायच्या, तेव्हा आई याच आवाजात सगळ्यांना दटावायची. घरभर व्हॅनिलाचा वास असायचा आणि छोटी रूथ काचेसमोर बसून केक फुगताना बघायची.

"जाळी कुठल्या खाचेत लावू?"

"मधल्या. आण इकडे." आई उठली. तिच्या हातात जाळी खडखडत होती. रूथने मदतीला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. तिसऱ्या खेपेला जाळी आत सरकली.

संध्याकाळी रूथने केलेला केक मधोमध खाली बसला. ती हिरमुसली.

आईने एक तुकडा तोंडात टाकला. "माझे पहिले तीन केक शेजारच्या कोंबड्यांनी खाल्ले होते," ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिली.