रात्रीची बाटली

यशोधरेनं दोन्ही हातांनी तोंड घट्ट झाकून घेतलं होतं. दवाखान्याच्या त्या उंच खुर्चीत चार वर्षांची पोर पार बुडून गेली होती.

आम्रपालीनं हळूच तिचे हात बाजूला केले. सात महिने तिनं फोनवर हे झाकलेलं तोंडच पाहिलं होतं. नागपूरला पोलीस ट्रेनिंगमध्ये दिवसभराची कवायत झाली की घरी बोलायला दहा मिनिटं मिळायची. त्या दहा मिनिटांवर ती जगायची. लेकीनं एकदा हसावं म्हणून काय काय करायची, पण पोर हात काढायची नाही. लाजत असेल, असं तिला वाटायचं.

काल ती चार दिवसांच्या रजेवर घरी घाटनांदूरला आली. पोर धावत आली, गळ्यात पडली, खळखळून हसली. समोरच्या चार दातांचे नुसते काळे खुंट राहिले होते. रात्रभर आम्रपालीचा डोळा लागला नाही. सकाळी पहिल्याच गाडीनं ती, नवरा संजय आणि पोर अशी तिघं अंबाजोगाईला आली.

"रात्री बाटलीनं दूध देता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

संजयनं मान खाली घातली. "देतो. साखर घालून. बाटली तोंडात असली तरच झोपती."

"झोपेत लाळ कमी होते. मग ते गोड दूध रात्रभर दातांवर बसून राहतं. कीड लागते ती त्यानंच."

"दुधाचे दात हायेत, मॅडम. पडतेलच की."

"दाढा दहा-अकराव्या वर्षापर्यंत लागतात. खालून येणाऱ्या दातांची जागा त्याच राखतात. पुढचे चार वाचणं अवघड आहे, दाढा वाचवू. आजपासून बाटली बंद. रात्री ब्रश तुम्ही स्वतः फिरवायचा, पेस्ट वाटाण्याएवढी. त्यानंतर फक्त पाणी."

आम्रपालीला नवऱ्याचा संताप आला. "सात महिन्यांत एकदा तिच्या तोंडात बघावं वाटलं न्हाई तुमाला?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"मम्मी, बाटली बंद नको ना करू."

"इतकं आवडतं का गं गोड दूध?"

यशोधरेनं मान हलवली. "न्हाई आवडत. मळमळतं."

"मग कावून पितीस?"

पोरीनं एकदा बापाकडं पाहिलं. तो भिंतीकडं बघत होता.

"पप्पा म्हणले, समदं दूध पिऊन झोपलं की मम्मी येती. मी रोज समदं प्यायचे, तरी तू येईना. म्हणून परवा दोन बाटल्या मागून घेतल्या. मग तू आलीस."