एकटीचा फोटो

"ड्रोन नको, व्हिडिओ नको, प्री-वेडिंग तर मुळीच नको," शालू म्हणाली.

"मंग राह्यलं काय ताई?" राजानंदने विचारलं. "नुसत्या मांडवाचे फोटो काढू का?"

भोकरदनमधला हा तिसरा स्टुडिओ होता. पहिल्याने पासष्ट हजार सांगितले, दुसऱ्याने पंचेचाळीस. शालूकडे शिकवण्या घेऊन साठवलेले पंधरा होते. राजानंदकडे एक कॅमेरा होता आणि तो चालवायला स्वतः राजानंद.

"पंधरात मी एकटा येणार. नवरीकडं असलो की वऱ्हाडाकडं कुणी न्हाई. मागून तक्रार चालणार न्हाई, आधीच सांगून राह्यलो."

"माझ्याकडं नका बघू," शालू म्हणाली. "माझ्या आईकडं बघा."

राजानंदने पेन खाली ठेवलं.

"हळदीपासून पाठवणीपर्यंत ती जिथं जाईल तिथं कॅमेरा. आणि एक फोटो तिचा एकटीचा. समोरून, मागं साधा पडदा. मोठा करता येईल असा."

असे फोटो राजानंदने पुष्कळ केले होते. त्याच्या मागच्या भिंतीवर नमुन्याचे चार लावलेले होते, हाराला वर जागा सोडून. त्याने एकदा तिकडे पाहिलं, एकदा शालूकडे.

"त्यांना माहिती हाय?"

"त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत नाही."

चार महिन्यांपासून दर दुसऱ्या मंगळवारी शालूचे वडील रामराव तिच्या आईला, नंदाबाईंना घेऊन पहाटेच्या गाडीने संभाजीनगरला जात होते. शालूने विचारलं की ते म्हणायचे, "तुझ्या मायची कंबर." आई मान हलवायची. पण कंबरेसाठी कुणी कॅन्सरच्या दवाखान्यात जात नाही. त्या दवाखान्याची पिशवी शालूला आईच्या लुगड्यांच्या पेटीत सापडली होती. आत नुसत्या गोळ्या होत्या. तिने ती जशीच्या तशी परत ठेवली. आईच्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकत होत्या.

घरात दुखणं आहे असं कळलं तर तीर्थपुरीचे सोयरे लग्न पुढे ढकलतील, म्हणून दोघं गप्प आहेत, हे तिला समजत होतं. मग तीही गप्प राहिली. त्या घरात फोटो म्हणजे आधार कार्डावरचे, तेवढेच. निदान एक धड फोटो असावा, एवढंच तिच्या हातात होतं.

लग्न मे महिन्यात, गावातल्या शाळेच्या मैदानावर झालं. राजानंदने शब्द पाळला. नंदाबाई वैतागल्या.

"अरे बाबा, नवरी तिकडं हाय! मला काय बघून राह्यला?"

"नंदे, तुझंच दुसरं लगीन लागून राह्यलंय वाटतं," शालूची मावशी उषाबाई म्हणाली. बाया हसल्या. नंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. तोही फोटो राजानंदने घेतला.

रामराव कडेकडेने वावरत होते. एवढ्या उन्हात गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. अलीकडे ते फार बोलत नसत. लेक जाणार म्हणून, असं लोक म्हणत. कॅमेरा वळला की ते बाजूला सरकायचे.

"यांचाबी एक काढ ना," नंदाबाई राजानंदला म्हणाल्या. नवऱ्याची बाही त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

"माझा कशाला?" रामराव हळूच म्हणाले.

ऊन उतरत होतं आणि एकटीचा फोटो अजून राहिला होता. शालू मुंडावळ्या सावरत वडिलांजवळ आली. "दादा, जरा बाजूला व्हा ना. आधी आईचा होऊ द्या."

ते लगेच बाजूला झाले. पडदा धरायला माणूस नव्हता. एक टोक शालूच्या चुलतभावाने, भारतने धरलं. दुसरं रामरावांनी.

"मावशी, इकडं बघा. बराबर," राजानंद नंदाबाईंना म्हणाला.

कन्यादान झालं, आईबापाचा उपास सुटला. नंदाबाई जेवल्या. रामरावांनी ताट सरकवून नुसता मठ्ठा घेतला.

"लेक चालली," उषाबाई म्हणाली. "बापाला घास कसा जाईल?"

आठ दिवसांनी राजानंदचा फोन तीर्थपुरीला आला.

"तीनशे बारा फोटो झाले ताई. मावशीचा तो एकटीचा तर एकदम झकास. कोपऱ्यात काकांची बोटं आल्ती, ती काढून टाकली. पण काकांचा एक बी फोटो धड न्हाई. कुठं पाठ, कुठं खांदा. मागून म्हणू नका."

"असू द्या," शालू म्हणाली. "दादांचे काय, पुढं कधीही काढता येतील."

त्यानंतर दोन आठवड्यांनी सकाळी भारतचा फोन आला. "ताई, घरी ये. जल्दी." पुढे त्याला बोलवेना. शालूने काही विचारलं नाही.

गाडी जालन्याच्या पुढे आल्यावर तिने राजानंदला फोन लावला. "तो फोटो. फ्रेम करून पाहिजे."

"करून ठेवलाय ताई," तो म्हणाला. "लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी."

भोकरदनला त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम गाडीच्या खिडकीतून दिली. पैसे घेतले नाहीत. तिथून गावापर्यंत शालूने ती छातीशी धरून ठेवली. कागद उघडला नाही.

अंगणात गाव जमलं होतं. तिला पाहून बायांनी रडत वाट करून दिली. ओसरीवर गर्दीच्या मधोमध, भिंतीला टेकून नंदाबाई बसल्या होत्या. मांडीवर उपरण्याची घडी होती.

त्यांनी वर पाहिलं. आधी लेकीकडे, मग तिच्या हातातल्या फ्रेमकडे. दोन्ही हात पुढे केले. हातात बांगड्या नव्हत्या.

"आणलास का गं," त्या म्हणाल्या, "तुझ्या दादाचा फोटो?"