विहिरीतला कप्तान

नाताळचा गोठा मांडायला यंदा आम्ही माळ्यावरची जुनी पेटी काढली. आत वडिलांनी बावन्न वर्षांपूर्वी वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या मातीच्या मूर्ती होत्या. पुढच्याच नाताळला नवा संच आला आणि अर्नाळ्याच्या वाटेवरच्या आमच्या घरात ही पेटी तशीच पडून राहिली.

संत योसेफाचा कागद सोडवताच माझा धाकटा भाऊ रुडॉल्फ ओरडला, "हिल्डाबाय, कप्तान वादळे!"

आमच्या लहानपणीची चित्रकथा! रोज चार चित्रं. कप्तान अंधाऱ्या विहिरीत अडकला आणि दुसऱ्या दिवशीचा अंक आम्ही वाचायच्या आधीच वडिलांनी मूर्तींना गुंडाळून टाकला. आम्ही दोघं ढसाढसा रडलो होतो.

तोच अंक होता हा.

पहिल्या चित्रात कप्तान खालून हाका मारत होता. दुसऱ्यात विहिरीचा कठडा, त्यावर पांढरा क्रूस, शेजारी सोनचाफा. "आपल्यासारखीच विहीर," रुडॉल्फ हसला. आमचा क्रूस आम्ही गेल्या वर्षी बसवला होता.

तिसऱ्यात एक म्हातारी आणि एक म्हातारा पळत येत होते. म्हाताऱ्याच्या चष्म्याला एका बाजूने दोरा बांधलेला होता. रुडॉल्फने आपल्या चष्म्याचा दोरा चाचपला.

चौथ्यात म्हाताऱ्याने विहिरीत दोर सोडला होता.

"म्हणजे सुटला गं तो!" म्हणत रुडॉल्फ परसात धावला. मागोमाग मी. भर दुपारी त्याने खरंच विहिरीत दोर सोडला. आम्ही पोरांसारखे खिदळत होतो.

दोर ताणला गेला. हसत हसतच आम्ही तो ओढू लागलो, आणि खालून कुणीतरी आमच्याबरोबर हसू लागलं.