ससाणा खाली कशाला आणलास?

म्हातारा हसला, आणि कुबातला आज नेमकं तेच नको होतं.

एरवी यजमान हसला की कुबातला बरं वाटायचं. गाणाऱ्या कवींची बुकिंगं घेणं हा त्याचा धंदा. नारिनपासून तलासपर्यंत कुठल्याही गावी लग्न असो, बारसं असो, कुणाची साठी असो, तीन तारांचा कोमुझ छेडत जागच्या जागी कवन रचणारा माणूस कुबातच पाठवणार. पण आज तो एशिमकान आबांना रडवायला आला होता, आणि आबा मांडीवर थापा मारत हसत होते.

आबांच्या थोरल्याचा, मेलिसचा, काल मॉस्कोहून कुबातला फोन आला होता. तिथे त्याच्याबरोबर बांधकामावर असलेला धाकटा भाऊ परांचीवरून पडून गेला. "त्याला पेटीत घेऊन निघालोय. मी पोचायच्या आत आईबापाला कळलेलं असू दे. पण रीतीने कळू दे."

रीत म्हणजे अशी बातमी कोरड्या तोंडाने सांगायची नाही. कवीने ती सुरातून, लांबून लांबून आणायची. ससाणा उडाला, ढगाआड गेला, परतला नाही, असं म्हणत म्हणत. पण दिवस लग्नांचे. भारदस्त कवी सगळे अडकलेले. उरला होता एकटा शाइलो, आणि तो पडला वऱ्हाडाला हसवणारा. कोचकोरच्या एका लग्नात त्याने वरमाईला असं हसवलं की तिचा सोन्याचा दात उडून शेजारणीच्या वाडग्यात पडला. शेजारीण म्हणते, रश्शाबरोबर गेला पोटात, आता काय करू? त्या दातापायी दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे. अशा माणसाला कुबात वाटभर पढवत आला होता. आणि दारात आबांना त्याने ठोकून दिलं होतं, आम्ही रेडिओवाले, जुन्या माणसांना गाणी ऐकवत फिरतो.

शाइलोने सुरुवात बरी केली. उंच कड्यावर ससाणा होता, एका घरचा लाडका होता. आबांची मान डोलू लागली. ससाणा उडाला, ढगात शिरला. तेवढ्यात शाइलोने मान वर करून आबांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ससाणा गिरकी घेऊन खाली आला तो विहिणीच्या डोईचं पांढरं पागोटं पळवूनच.

"वा रे गड्या! अगं बुरुल, ऐकलंस का? पागोटं नेलं विहिणीचं!"

स्वयंपाकघरातल्या तळणीच्या आवाजातून म्हातारीचं हसू आलं.

"ससाणा खाली कशाला आणलास?" कुबात चहाच्या पेल्याआडून पुटपुटला.

"जीभ वळेना, भाऊ. तू सांग की."

"मी? मी बुकिंग घेतो."

खिशातला फोन थरथरला. मेलिसचा मेसेज. घाट उतरलो, सांगितलंत ना?

"आबा, आणखी एक होऊ दे," कुबात ओढूनताणून हसला. "जरा गंभीर."

"गंभीर कशाला, लेका? गंभीर आम्ही रोजचेच आहोत." आबाही हसले, पण त्यांची नजर कुबातच्या पुढ्यातल्या मटणावर थांबली. त्याने एक तुकडा मोडला नव्हता. मग ती नजर खिशातल्या फोनकडे गेली, आणि तिथून शाइलोच्या घामेजल्या कपाळाकडे. आबा उठले आणि खुंटीवरचा स्वतःचा कोमुझ काढून मांडी घालून बसले.

"चल, सवाल-जवाब होऊन जाऊ दे. एके काळी आम्हीपण बसायचो चार जणांत."

आणि गायले,

"गावोगावी लग्नं, पोरा, तुला कुठली सवड?
माझ्या दारी तुला पाठवायची कुणा ही निकड?"

सवाल सुरात आला की जवाब सुरातच द्यायचा. नाही सुचला तर कोमुझ खाली ठेवायचा, म्हणजे हरला. शाइलोची बोटं तारांवरून फिरली. पुन्हा फिरली. भल्याभल्यांना गप्प बसवणाऱ्या शाइलोने कोमुझ लोकरीच्या जाजमावर अलगद ठेवला.

तेवढ्यात बुरुल तळलेल्या कणकेच्या बोरसोकचं ताट घेऊन आली. खाली ठेवलेला कोमुझ पाहून तिने तोंडावर हात नेला.

"अगंबाई! हरवलंत की पोराला! काय हो हे, पाहुणा ना तो?" ताट टेकवून ती लोणी आणायला हसतच आत गेली.

ती दिसेनाशी होईपर्यंत आबांनी चेहरा हसरा ठेवला. मग हलक्या आवाजात कुबातला विचारलं,

"दोघांतला कोणता?"

कुबातने शाइलोकडे पाहिलं. शाइलो खिडकीबाहेर बघत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जिभा भाड्याने दिलेल्या, आता कुबातची स्वतःची हलता हलेना.

"धाकटा," तो म्हणाला.

आबांनी मांडीवरचा कोमुझ जाजमावर ठेवला.

"थोरला आणतोय का त्याला?"

"हो, आबा. घाट उतरलाय."

"बरं. तिला तुम्ही काही बोलायचं नाही, ते माझं काम. आत कुणी जायचंही नाही."

त्यांनी कोमुझ पुन्हा मांडीवर घेतला. खुंटी पिळून एक तार खालच्या सुरात उतरवली, मग दुसरी, आणि कान लावून ऐकलं.

आतून म्हातारीचा आवाज आला,

"अहो, एकाला हरवलंत ना? आता आणखी कुणाला हरवताय?"