हरवलेली दोन कार्डं

इंग्रजीचे जोडआवाज शिकवायची बाईंची रीत न्यारी होती. एका भिंतीशी 'बी'चं कार्ड घेतलेला मुलगा, समोरच्या भिंतीशी 'एल'चं कार्ड घेतलेली मुलगी. दोघांनी धावत यायचं, हात धरायचा आणि एका दमात म्हणायचं, "ब्ल!" मग सगळा वर्ग ओरडायचा, "ब्लॅक! ब्लू!"

एका वर्षी नेमकी तीच दोन कार्डं हरवली. बाईंनी अख्ख्या वर्गाला फैलावर घेतलं, पण कुणी ब्र काढला नाही.

आज काठी टेकत बाईंच्या घरी आलेल्या, त्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याने 'बी'चं कार्ड बाईंपुढे ठेवलं.

"बाई, चोर मीच. दुसऱ्या कुणी तिचा हात धरू नये, म्हणून."

"लबाडा! लग्नाची पत्रिका घेऊन जोडीने आलात, तेव्हा बरा गप्प बसलास! आणि 'एल' कुठंय?"

"ते मी नव्हतं घेतलं." त्याने खिशातून दुसरं कार्ड काढलं. "ती गेल्यावर कपाट आवरलं, तर तिच्या कपड्यांच्या घडीत सापडलं. चाळीस वर्षांच्या संसारात एका शब्दाने बोलली नाही."

बाई उठल्या. 'एल'चं कार्ड घेऊन समोरच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

"ये. पण धावू नकोस हं."