उष्टा माईक

निपाणीच्या उत्सवात दर वर्षी पंचांची भाषणं बुवांचं कीर्तन खाऊन टाकायची. यंदा माईक ठरवायचं काम सुबरावांकडे आलं. भाड्यानं देणाऱ्या भरमानं दोन दाखवले. "ह्यो महाग, पण हातभर लांबनं बोललं तरी चालतंय. ह्यो स्वस्त, ह्येला ओठच टेकवाय लागत्यात."

सुबरावांनी स्वस्तातला घेतला आणि उत्सवाच्या दिवशी गालात तंबाखू धरूनच, सगळ्यांदेखत, त्याला तोंड लावून "हालो, हालो" केलं.

नटूनथटून आलेले पंच उठता उठता खाली बसले. उष्ट्याला तोंड कोण लावणार, आणि माईक असताना नुसतं बोलणार तरी कोण?

"आण्णा, चार पैशासाठी घोटाळा केलासा," भरमा कुजबुजला. "आता बुवा कशात बोलणार?"

"बुवांना कधी माईक लागलाय रं?" म्हणत सुबरावांनी ऐसपैस मांडी घातली.